गार्मिन फोररनर २५५: पहिल्या ट्रायथलॉनला पुरतं का?

पहिली ट्रायथलॉन पूर्ण करायला घड्याळ लागत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घोट्याला आयोजकांची चिप बांधलेली असते आणि निकालात पोहणं, सायकल, धावणं आणि मधली दोन ट्रान्झिशन्स (एका खेळातून दुसऱ्यात जायचे टप्पे) यांचे वेळ वेगवेगळे येतात. घड्याळाचं खरं काम शर्यतीआधीच्या चार-सहा महिन्यांत असतं. शर्यतीच्या दिवशी त्याच्याकडून दोनच अपेक्षा ठेवाव्यात: सुरुवातीचा अंगातला जोर आवरायला मदत व्हावी आणि कटऑफ (टप्पा पूर्ण करायची शेवटची मुदत) किती लांब आहे ते कळावं. एवढ्यासाठी गार्मिनचं फोररनर २५५ हे जीपीएस घड्याळ पुरून उरतं. मात्र पेटीतून काढलं तसंच मनगटावर बांधलं तर बरंच चुकतं. या घड्याळाबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक सेटिंगच्या असतात.

हे मॉडेल जून २०२२ मधलं. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये २६५ आणि मे २०२५ मध्ये ५७० आलं. त्यामुळे २५५ आता सवलतीत किंवा कुणाचं तरी वापरलेलं मिळतं, आणि पहिल्यांदा ट्रायथलॉन करणाऱ्याने त्याचा विचार करावा तो त्याच कारणाने. आकार दोन आहेत. २५५ ची डबी ४६ मिमीची, वजन ४९ ग्रॅम, पट्टा २२ मिमी. २५५एस ४१ मिमी, ३९ ग्रॅम, पट्टा १८ मिमी. मनगट बारीक असेल तर एस घ्या. मोठी डबी बारीक मनगटावर धावताना हलते आणि मागच्या सेन्सरचे आकडे भरकटतात. दोन्ही आकारांत गाणी साठवणारी म्युझिक आवृत्तीही आहे, पण आयर्नमॅनसारख्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतींत हेडफोनला बंदीच असते. सरावात गाणी ऐकायची असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर ट्रायथलॉनसाठी म्हणून ते जादा पैसे घालू नयेत.

दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो: फोररनर ५५ स्वस्त आहे, ते का नको? ५५ तलावातलं पोहणं, सायकल आणि धावणं वेगवेगळं मोजतं. उघड्या पाण्यातलं पोहणं त्यात नाही आणि तिन्ही खेळ एका साखळीत जोडणारा मल्टिस्पोर्ट मोडही नाही. म्हणजे शर्यतीत दर वेळी एक ॲक्टिव्हिटी थांबवा, सेव्ह करा, मेन्यूतून दुसरी शोधा आणि सुरू करा. ओल्या हातांनी आणि धापा टाकत हे होत नाही. तलावात पोहण्याची छोटी स्प्रिंट ट्रायथलॉन एकदाच करून पाहायची असेल तर ५५ चालेल. समुद्रात किंवा धरणाच्या पाण्यात उतरायचं असेल तर सुरुवात २५५ पासूनच.

पडदा टचचा नाही, पाच बटणं आहेत. दुकानातल्या दिव्यांखाली २६५ चा ॲमोलेड पडदा झगमगतो आणि त्याच्या शेजारी २५५ मेलेलं वाटतं. उन्हात मात्र उलट होतं. २५५ चा एमआयपी (बाहेरचा उजेड परतवणारा) पडदा ऊन जितकं कडक तितका स्वच्छ वाचता येतो, बॅकलाइटही लागत नाही. घामाने निथळणाऱ्या बोटांना टच नसणं ही सोयच आहे. हॉलमध्ये किंवा पहाटे अंधारात पडदा फिका दिसतो, ती किंमत मोजायची तयारी ठेवा.

तलावापासून सुरुवात करू, कारण मोजणीच्या सर्वांत जास्त तक्रारी तिथल्याच असतात. तलावात घड्याळ जीपीएस वापरत नाही. भिंतीला पाय मारून तुम्ही निघालात, हे ते हाताच्या हालचालीवरून ओळखतं आणि तलावाच्या लांबीने गुणतं. म्हणून आधी लांबी नीट भरा. महापालिकेचे तलाव २५ किंवा ५० मीटरचे असतात, सोसायटीतले कुठलेही, १६ चे, १८ चे. आकडा आपल्याला हवा तसा भरता येतो, पण टेपने मोजून भरा, वॉचमनला विचारून नको. गर्दीच्या बॅचमध्ये समोरचा आडवा आला म्हणून मध्येच थांबलात, दोरी धरलीत, पुन्हा निघालात, की एक लेंथ (भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर) जास्त मोजली जाते. मध्येच फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्टस्ट्रोक धरला तरी गोंधळ होतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक लेंथ एकाच स्ट्रोकमध्ये संपवायची, भिंतीला पाय मारून अंग लांब करून निघायचं आणि विश्रांतीला थांबलात की लॅपचं बटण (उजवीकडचं खालचं) दाबायचं. बोर्ड धरून फक्त किक मारत असाल तर हात हलतच नाही आणि घड्याळ शून्य मोजतं. त्यासाठी ड्रिल लॉग आहे. तो लावा आणि शेवटी अंतर हाताने भरा.

आता आकडा कोणता काढायचा? १०० मीटरचा टिकाऊ वेग. चांगलं वॉर्मअप करून ४०० मीटर जोरात पोहा, पूर्ण दम परत येईपर्यंत थांबा, मग २०० मीटर जोरात. दोन्ही वेळांतला फरक निम्मा करा. ४०० ला ९:२० आणि २०० ला ४:२४ लागले तर फरक ४:५६, निम्मा २:२८. हा तुमचा १०० मीटरचा वेग. सरावातल्या १०० च्या फेऱ्या याच्या आसपास आणि लांब पोहणं याहून १० ते १५ सेकंद हळू. गार्मिन कनेक्ट ॲपमध्ये ‘१० × १००, मध्ये २० सेकंद विश्रांती’ असा वर्कआउट बनवून घड्याळात पाठवता येतो, मग भिंतीला टेकून मोजत बसावं लागत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करा.

उघड्या पाण्यात घड्याळ जीपीएसवर चालतं, आणि जीपीएस पाण्याखाली मिळत नाही. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्याबाहेरून पुढे येतो तेवढ्या क्षणात घड्याळ उपग्रह पकडतं आणि मधलं अंतर अंदाजाने जोडतं. त्यामुळे नकाशावरची रेघ थोडी वाकडीतिकडी येणारच. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मनगट पाण्याबाहेर येतच नाही. तेव्हा रेघ किनाऱ्यावरून गेलेली दिसली किंवा १९०० मीटरचे २६०० झाले, तर घड्याळ बिघडलेलं नाही. सरावात नेमकं अंतर हवंच असेल तर घड्याळ टोपीखाली डोक्यावर ठेवा किंवा टो-फ्लोटच्या (कमरेला बांधून मागे ओढायच्या फुग्याच्या) कोरड्या कप्प्यात टाका. हाताच्या स्ट्रोकची संख्या मिळणार नाही, अंतर बरोबर येईल. शर्यतीत यातलं काही करू नका. तिथे अंतर बॉयांनी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी) ठरतं.

पाण्यात घड्याळ बघायचं नसतंच. त्याऐवजी ओपन वॉटरमध्ये दर १० मिनिटांनी कंपन लावून ठेवा. मनगट थरथरलं की १० मिनिटं झाली, मान वर करून बॉय कुठे आहे ते पाहा. तशीही दर सहा-आठ हातांनी मान वर करायची सवय हवी, कारण सरळ रेषेत न पोहता दीडपट अंतर कापणारे दर शर्यतीत असतात. शर्यतीआधी समुद्रात एक तरी चाचणी होऊ द्या. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धा कोकणात आणि घाटावर सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे छोट्या अंतराला नाव घातलं की लाट, खारं पाणी, गर्दी आणि घड्याळ, सगळ्यांचाच अंदाज येतो.

आता कटऑफ. महाराष्ट्रातले बरेच जण पहिलीच ट्रायथलॉन म्हणून गोव्याची आयर्नमॅन ७०.३ धरतात. २०१९ पासून मिरामारला होणारी ही शर्यत म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. आधी एखादी स्प्रिंट (७५० मीटर, २० किमी, ५ किमी) किंवा ऑलिंपिक (१.५, ४०, १०) करावी असं आमचं मत आहे, पण ऐकतं कोण! पोहण्याला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून ५ तास ३०, आणि एकूण ८ तास ३०. हे आकडे घड्याळाच्या भाषेत उतरवून ठेवा. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे १०० मीटरला ३:४१. समुद्रात भिंतीचा धक्का नाही, वाट चुकते, धक्काबुक्की होते, म्हणून लांब पोहण्यात तुमचा तलावातला वेग ३:०० च्या आत नसेल तर अजून तयारी बाकी आहे. पाण्यातून १:०५ ला बाहेर आलात, टी१ (पोहण्यानंतरचं ट्रान्झिशन) मध्ये ८ मिनिटं गेली, तर ९० किमीला ४ तास १७ मिनिटं उरतात, म्हणजे सरासरी ताशी २१. सायकल नेमकी साडेपाच तासांना ठेवलीत आणि टी२ (सायकलनंतरचं) मध्ये ५ मिनिटं गेली, तर धावायला २ तास ५५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ८:१७. कागदावर हे सोपं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गोव्यातल्या दुपारी, तीन तासांहून जास्त सायकल मारल्यावर, ते तसं राहत नाही. २०२४ च्या शर्यतीत खासदार तेजस्वी सूर्या यांनी ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत शेवट गाठला. हाताशी अडीच मिनिटं उरली होती.

म्हणूनच २५५ मधलं पहिल्या ट्रायथलॉनसाठी सर्वांत उपयोगी खातं (पडद्यावरचा आकड्याचा रकाना) कोणतं, तर ‘मल्टिस्पोर्ट टाइम’. हे पोहायला सुरुवात केल्यापासूनची एकूण वेळ दाखवतं, ट्रान्झिशनसकट. नेहमीचा टायमर फक्त चालू खेळाची वेळ सांगतो आणि थकलेल्या डोक्याला बेरीज जमत नाही. सायकल आणि धावणं या दोन्हींच्या पहिल्याच पानावर हे खातं हवं.

इथे एक खोच आहे. सायकलच्या स्वतंत्र ॲक्टिव्हिटीत तुम्ही पानं हवी तशी लावली असली तरी ट्रायथलॉनमधल्या सायकलची पानं वेगळी असतात. ट्रायथलॉन निवडून त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि तिन्ही खेळांची पानं तिथे पुन्हा लावा. एका पानावर तीनच खाती ठेवा. सायकलला एकूण वेळ, हार्टरेट, लॅपचा वेग. धावण्याला एकूण वेळ, हार्टरेट, लॅप पेस (त्या लॅपमध्ये किलोमीटरला लागलेला वेळ). चौथं खातं ठेवलं की अक्षरं बारीक होतात आणि हादऱ्यात एकही वाचता येत नाही. त्याच फेरीत ऑटो पॉज बंद करा. पाणी घ्यायला थांबलात म्हणून कटऑफ थांबत नाही.

शर्यतीच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करून चार्ज करा. सिंक केल्याने उपग्रहांची पुढच्या काही दिवसांची माहिती घड्याळात उतरते आणि सकाळी सिग्नल सेकंदांत मिळतो. ट्रायथलॉनच्या सेटिंगमध्ये पॉवर सेव्ह टाइमआउट ‘एक्स्टेंडेड’ करा. नॉर्मलवर असेल तर सुरुवातीच्या पडद्यावर ५ मिनिटं काही न दाबता गेली की घड्याळ परत साध्या वेळेवर जातं. एक्स्टेंडेडवर २५ मिनिटं थांबतं. रोलिंग स्टार्टच्या (थोडे थोडे स्पर्धक सोडतात त्या) रांगेत १५-२० मिनिटं सहज जातात आणि नेमकं आपला नंबर आल्यावर पडदा गेलेला असतो. हे एक सेटिंग माहीत नसल्याने कितीजणांच्या पोहण्याची नोंद पहिल्या २०० मीटरनंतर सुरू होते!

मग क्रम असा. रांगेत उभं राहिल्यावर उजवीकडचं वरचं बटण दाबून ट्रायथलॉन निवडा आणि हात उघडा ठेवून जीपीएस हिरवं होऊ द्या. पाण्यात शिरताना तेच बटण. पाण्यातून बाहेर आल्यावर उजवीकडचं खालचं, म्हणजे लॅप: टी१ सुरू. सायकल चढण्याच्या रेषेवर लॅप, उतरण्याच्या रेषेवर लॅप, धावायला बाहेर पडताना लॅप, शेवटी वरचं बटण. एकूण सहा वेळा दाबायचं. ट्रायथलॉनमध्ये लॅप बटण खेळ बदलतं, हे विसरून कुणी सवयीने पाचव्या किलोमीटरला लॅप दाबलं की घड्याळ तुम्हाला सायकलवरून उतरवून टी२ मध्ये टाकतं. मग घड्याळाचा नाद सोडा आणि चिपवर भरवसा ठेवा. उलट, टी१ चं दाबायचं राहिलं आणि सायकलवर बसताना आठवलं, तर लागोपाठ दोनदा दाबा. टी१ दोन सेकंदांची दिसेल, पण सायकल सायकलच्या खात्यात जाईल. पोहताना दुसऱ्याचा हात लागून बटण दाबलं जाऊ नये म्हणून मल्टिस्पोर्टसाठी बटणं आपोआप लॉक करायची सोय आहे. ती लावलीत तर उघडायला बटण दाबून धरावं लागतं. घराच्या आवारात दहा मिनिटांची खोटी ट्रायथलॉन करून हे बोटांना शिकवा. अनवाणी, ओले हात, हेल्मेटचा बक्कल, सगळं धरून.

सायकलवर घड्याळाची अडचण अशी, की हात हँडलवर असताना ते वाचायला मनगट वळवावं लागतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ते धोक्याचं. रबरी माउंटवर हँडलला लावलं तर वाचता येतं, पण मग मनगटाचा हार्टरेट जातो आणि टी२ मध्ये काढून बांधायची आठवण ठेवावी लागते. आमचा कौल मनगटालाच. दर ५ किमीला ऑटो लॅप लावा (हा लॅप घड्याळ स्वतः टाकतं, त्याने खेळ बदलत नाही). कंपन आलं की त्या पाच किलोमीटरचा वेग पडद्यावर उमटतो, तेवढं एका नजरेत पुरतं. आधीपासून बाइक कॉम्प्युटर असेल तर घड्याळातून हार्टरेट त्याच्याकडे ब्रॉडकास्ट करता येतो. कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) आणि पॉवर (पेडलवरचा जोर) मोजणारे मीटर २५५ ला अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही बिनतारी पद्धतींनी जोडता येतात. पहिल्या वर्षी पॉवर मीटरची गरज नाही, क्रँकला लागणारा साधा कॅडेन्स सेन्सर मात्र घ्यावा. पहिल्यांदा शर्यत करणारे जड गिअर दामटतात आणि धावायला उतरल्यावर मांड्या दगड होतात. कॅडेन्स ८० च्या खाली गेलं की गिअर हलका करायचा, एवढं शिकवायला तो सेन्सर पुरतो.

खाण्यापिण्याची आठवण हे या घड्याळातलं कमी बोललं जाणारं, पण फार कामाचं फिचर. सायकलच्या अलर्टमध्ये ‘ईट’ दर २० मिनिटांनी आणि ‘ड्रिंक’ दर १५ मिनिटांनी लावा. दर २० मिनिटांना १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली की तासाला ४५ ते ६० ग्रॅम होतात. जेल असो, खजूर असो की बाटलीतलं पेय, सरावात जे पचलं तेच. पाण्याबरोबर मीठही हवं. दमट हवेत नुसतं पाणी ढोसत राहिलात तर पोट डचमळतं आणि मळमळ सुरू होते.

हार्टरेटबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण सरावाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. घड्याळ तुमचे झोन (हार्टरेटचे सोपे-जोरकस पट्टे) २२० वजा वय या हिशोबाने लावतं आणि तो हिशोब पुष्कळांना लागू पडत नाही. झोन चुकले की ‘सोपं’ म्हणून केलेली प्रत्येक धाव मध्यम होते. पायाला विश्रांती मिळत नाही आणि दोन महिन्यांत नडगी नाहीतर गुडघा बोलू लागतो. सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटं जमेल तितक्या एकसारख्या जोराने धावा आणि शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्टरेट घ्या. तो थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा जोराची हद्द. समजा १६८ आला, तर त्याच्या ८५ ते ८९ टक्के म्हणजे १४३ ते १५० हा तुमचा सोप्या लांब धावेचा पट्टा. ॲपमध्ये झोन हाताने भरा. सायकलवर थ्रेशोल्ड सहसा पाच ते दहा ठोके कमी असतो, म्हणून सायकलसाठी वेगळे झोन ठेवा, तशी सोय आहे.

मागचा सेन्सर एकसारख्या धावेत चांगला चालतो, चढ-उताराच्या इंटर्व्हलमध्ये मागे पडतो आणि सायकलवर, मनगट दुमडलेलं नि हँडल थरथरत असताना, मनाला येईल ते दाखवतो. धावायला सुरुवात करताच १७५ दिसू लागले आणि श्वास मात्र शांत आहे, तर घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ताल मोजतंय. मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा, लगेच कळेल. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, पुरेसा घट्ट बांधला की हा त्रास बराच कमी होतो. न झाल्यास छातीचा पट्टा घ्या. एचआरएम-प्रो प्लस पाण्याखालची नोंद स्वतःत साठवून नंतर घड्याळाला देतो, एचआरएम-ड्युअल साठवत नाही. सायकल-धावणं यांच्यापुरता ड्युअल पुरे. तलावात भिंतीला जोरात पाय मारला की छातीचा पट्टा खाली घसरतो. ट्रायसूटच्या (तिन्ही खेळांत अंगावर राहणाऱ्या पोशाखाच्या) आत मात्र जागेवर राहतो.

शर्यतीत सायकलवरून उतरल्यावरचे पहिले दोन किलोमीटर घड्याळ म्हणजे खरं सोनं. त्या वेळी पायांना वाटतं आपण रांगतोय आणि प्रत्यक्षात वेग ठरवल्यापेक्षा किलोमीटरमागे अर्ध्या-एक मिनिटाने जास्त असतो. लॅप पेस बघा. क्षणाक्षणाचा पेस बघू नका, तो उंच इमारतींत आणि झाडीत उड्या मारतो. हे अंगवळणी पडायला सरावात आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच १५-२० मिनिटं धावायचं, आणि तेही ट्रायथलॉन किंवा स्वतः बनवलेल्या मल्टिस्पोर्ट ॲक्टिव्हिटीत, म्हणजे बटणांचाही सराव होतो.

आता काणाडोळा कशाकडे करायचा. रेस प्रेडिक्टर २१ किमीची जी वेळ दाखवतो ती ताज्या पायांची, थंड हवेतली, आणि नवशिक्याला बहुतेकदा जास्तच आशावादी. ट्रायथलॉनमधल्या धावण्याशी तिचा संबंध नाही. सायकलवरचा व्हीओटूमॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचा अंदाज) पॉवर मीटरशिवाय निघत नाही. पोहण्यातला मनगटाचा हार्टरेट कच्चा असतो. म्हणजे ‘ट्रेनिंग स्टेटस’ मुख्यतः तुमच्या धावण्यावरून निकाल देतं. आठवडाभर पोहलात, सायकल मारली, धावलात कमी, की ते ‘डिट्रेनिंग’ (तयारी उतरतेय) म्हणून मोकळं होतं. मनाला लावून घेऊ नका. रोज सुचवले जाणारे सराव धावण्याचे किंवा सायकलचे असतात. तीन खेळांचा मेळ ते घालत नाहीत, तो तुम्हाला किंवा प्रशिक्षकालाच घालावा लागतो. एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) स्टेटस मात्र तीनेक आठवडे रात्री घड्याळ घालून झोपलात की कामाचं होतं. आकडा सलग तीन-चार दिवस तुमच्या नेहमीच्या मर्यादेखाली राहिला आणि झोपेची बोंब असेल, तर त्या दिवशीचा जोरकस सराव सोडा. बहुधा सर्दी-ताप दाराशी असतो.

बॅटरीची काळजी नाही. मोठ्या २५५ ला फक्त जीपीएसवर ३० तास, सर्व उपग्रह आणि मल्टिबँडवर (एकाहून जास्त फ्रीक्वेन्सींवर) १६ तास, असा कंपनीचा आकडा आहे. घड्याळ वर्ष-दोन वर्षं जुनं होऊन थोडं उतरलं तरी साडेआठ तासांची शर्यत मल्टिबँडवर निघते.

समुद्रानंतर गोड्या पाण्याच्या वाटीत घड्याळ बुडवून पाचही बटणं वीस-पंचवीस वेळा दाबा. मीठ आत सुकलं की बटण रुतून बसतं आणि दुकानदार त्याला बिघाड म्हणतो. मागच्या चार्जिंगच्या टोकांना घाम आणि मीठ लागून हिरवट थर येतो. ओल्या कापडाने पुसून, पूर्ण वाळल्यावरच केबल लावा. डास पळवणारं मलम पट्ट्याला आणि डबीला लागू देऊ नका, प्लास्टिक खराब होतं. पट्ट्याखाली लाल चट्टे उठत असतील तर पट्टा रोज साबणाने धुवा आणि दिवसा मनगट बदला.

पर्याय म्हणून ऑगस्ट २०२३ चं कोरोस पेस ३ पाहता येईल. नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम, ट्रायथलॉन मोड आणि ड्युअल फ्रीक्वेन्सी जीपीएस दोन्ही आहेत. विकत घेण्याआधी तुमच्या शहरात त्याची सर्व्हिस कुठे होते ते विचारा. ॲपल वॉच आधीच हातावर असेल तर वॉचओएस ९ पासून त्यात मल्टिस्पोर्ट आहे आणि खेळ बदलल्याचं ते आपोआप ओळखतं. साध्या ॲपल वॉचची बॅटरी लांब शर्यतीत दमते, स्प्रिंट-ऑलिंपिकला अडचण नाही. २६५ आणि २५५ यांच्यात फरक पडदा आणि ट्रेनिंग रेडिनेसचा (आज जोरकस सराव झेपेल का ते सांगणारा आकडा). पहिल्या ट्रायथलॉनसाठी त्या फरकाचे पैसे बाजूला ठेवून चांगले गॉगल, ट्रायसूट आणि लवचीक नाड्या घ्याव्यात.

वापरलेलं २५५ घेताना समोरासमोर भेटा आणि घाई करू नका. पाचही बटणं दाबून टिचकी एकसारखी येते का पाहा. मागच्या काचेवर तडा नको, तडा असेल तर पाणी शिरणारच. घड्याळ हातात घेऊन चार-पाच जिने चढा आणि उंचीचा आकडा हलतो का बघा. हवेच्या दाबाचं छोटं छिद्र घामाने बुजलेलं असलं तर तो जागचा हलत नाही. मालकाच्या गार्मिन कनेक्ट खात्यातून घड्याळ तिथल्या तिथे काढून टाकायला लावा, आपल्या फोनला जोडून एक सिंक पूर्ण होऊ द्या आणि अर्धा तास जीपीएस चालू ठेवून बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून घ्या. अर्ध्या तासात पाच टक्क्यांपेक्षा जास्त गेली तर किंमत पाडून मागा, नाहीतर सोडून द्या. भारतीय वॉरंटीचं बिल नसेल तर ते घड्याळ बिनवॉरंटीचं समजूनच भाव करा.